एक वाटी, एक पुस्तं

मी एसटीत कंडक्टर आहे, सोलापूर–अक्कलकोट गाडीवर. कंडक्टर उभा असतो आणि बायका बसलेल्या असतात, त्यामुळे मला माणसांची तोंडं कमी आणि गळेच जास्त पाठ आहेत. कोण एकपदरी घालतं, कोण दुपदरी, दोन वाट्यांच्या मध्ये पोवळं आहे की सोन्याचे मणी, हे तिकीट काढता काढता बघून घ्यायची मला सवयच लागलीय. बाईनं तोंड उघडायच्या आधी ती कन्नड बोलणार का मराठी, हे मी गळ्यावरून सांगते. आमच्या ड्रायव्हरशी त्यावरून चहाची पैज लागते आणि बहुतेक वेळा चहा तोच पाजतो.

तर एकदा वळसंग सोडलं आणि एका म्हातारीचं मंगळसूत्र वाढवलं. मणी सगळ्या गाडीभर. मी बेल मारून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं, सगळ्यांनी पाय वर घ्या, मणी सापडेपर्यंत गाडी हलणार नाही. एक साहेब घड्याळ दाखवायला लागले. त्यांना म्हटलं, साहेब, तुमचं ऑफिस पळून जात नाही, मणी पळतात. शेवटी तेच गुडघ्यावर बसून सीटखालचे मणी काढत होते. गळा मोकळा राहायला नको म्हणून बाजार करून येणाऱ्या एकीनं पिशवीतलं हळकुंड दिलं, ते दोऱ्यात बांधून म्हातारीच्या गळ्यात घातलं, आणि मी तिथंच मांडी घालून मणी ओवायला बसले.

ओवलं खरं, पण दोन्ही वाट्या मध्यात बसेनात. एक खाली उतरायची, दुसरी खांद्याकडं चढायची. म्हातारीनं मला तोंडभरून आशीर्वाद दिला, पण अक्कलकोटला उतरताना मंगळसूत्र पदराखाली झाकून घेतलं. ते मला लई लागलं. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे मला सहनच होत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो आता बदलायचा नाही.

पुढच्या सुट्टीला मी ज्ञानदा मॅडमच्या क्लासात नाव घातलं. मॅडम म्हणजे माझ्या पोरापेक्षा, सिद्धांतपेक्षा, थोडीशीच मोठी पोरगी, बाहेर कुठं दागिन्यांचं डिझाइन शिकून आलेली. जुळे सोलापुरात एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तिनं टेबलं मांडलीत. पुढच्या अंगाला मण्यांचा क्लास, मागं धातूचं वर्कशॉप. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातातली माळ बघितली आणि म्हणाली, काकू, तुम्ही दोरा ओढता, बसवत नाही. कंडक्टरला कुणी असं तोंडावर बोलत नाही. पण तिचं बरोबर होतं, म्हणून ऐकून घेतलं आणि गाठ बसवायला शिकले.

मण्यांचं जमल्यावर मी मागच्या शेडमध्ये घुसले. तिथं पत्रा कापायचा, तापवून मऊ करायचा, खळग्यांच्या लोखंडी ठोकळ्यात ठेवून ठोकायचा, आणि बघता बघता सपाट चकतीची वाटी व्हायची. माझी पहिली तांब्याची वाटी एका बाजूनं चेपलेली होती. मी ती कुंकू ठेवायला देवघरात ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली. वाटीला कडी जोडायची तर सोल्डरचा तुकडा ठेवून, टाकणखार लावून ज्योत धरावी लागते. नुसत्या सोल्डरला ज्योत दाखवली तर ते गोळा होऊन रुसून बसतं, वाटी तापवली की आपण होऊन पळत येतं. हे मला इतकं आवडलं की मी आमच्या डेपोत सगळ्यांना सांगितलं.

मॅडमचा एकच नियम कडक होता. बंद वस्तूला ज्योत लावायची नाही. आधी विचारायचं, हिच्या पोटात काय आहे. शाळेतल्या पोरांसारखं तिनं ते आमच्याकडून मोठ्यानं म्हणून घेतलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, बेल न वाजवता गाडी थांबवणारा आवाज आहे तो.

यातच सिद्धांतचं लग्न ठरलं. मुलगी निवेदिता, त्याच्याच लॅबमध्ये कामाला, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई अक्कम्मा विड्या वळतात. पोरांचं एकमेकांवर मन, त्यांना आम्ही पसंत, आम्हाला ते पसंत. आमचे हे होटगीला रेल्वेत आहेत, ते म्हणाले, सिग्नल मिळालाय तर गाडी सोडा. पण सुपारीच्या बैठकीत गाडी अडली, ती मंगळसूत्रावर.

बार्शीहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या, तानाबाई. वन्संच्या पुढ्यात दागिना आला की त्या तो आधी तळहातावर घेऊन वर-खाली करतात आणि वजन सांगतात, मग दागिना कसा आहे ते बघतात. वन्संचं म्हणणं, आपल्यात दोन वाट्या असतात, दोनच्या दोन वाट्याच हव्यात. अक्कम्मांचं म्हणणं, आमच्यात वाटी नसते, पुस्तं असतं. गोल, पुढून नक्षी, मागून सपाट. चहा गार व्हायला लागला आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या बशीत बघायला लागली.

मला असली शांतता सोसत नाही. मी अक्कम्मांना विचारलं, तुमच्यात पुस्ती किती आणि देतं कोण. त्या म्हणाल्या, दोन, एक आईच्या घरचं, एक सासरचं. मी मांडीवर थाप मारली. आमच्यातही तेच की, एक वाटी माहेरची, एक सासरची. मग भांडताय कशाला? तुमचं पुस्तं तुम्ही द्या, आमची वाटी आम्ही देतो, दोन्ही एकाच दोऱ्यात ओवू. निवेदिता हसली, सिद्धांत हसला, यांनी गार चहा एका घोटात संपवला. आणि त्या भरात मी बोलून गेले की आमची वाटी मी स्वतः घडवणार, मंगळसूत्रही मीच गाठवणार.

"तू काय सोनारीण हायस व्हय?" वन्सं म्हणाल्या.

वर त्यांनी जाहीर केलं की त्या दोन वाट्यांचं एक तयार मंगळसूत्र आपल्या पिशवीत घेऊनच लग्नाला येतील. राजश्रीचं, म्हणजे माझं, फसलं तर तेच घालायचं. त्यावर निवेदिता पहिल्यांदा बोलली. हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आईचं पुस्तं ज्यात नसेल, त्या मंगळसूत्राला मी मान पुढं करणार नाही, असं म्हणाली. मला सून तिथंच आवडली. पण आता सगळं लग्न माझ्या हातावर येऊन बसलं होतं.

दोनेक दिवसांनी अक्कम्मा स्वतः आमच्या घरी आल्या, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून पुस्तं घेऊन. निवेदिता पाळण्यात होती तेव्हाच विड्यांच्या कमाईतून त्यांनी ते करून ठेवलं होतं. चांगलं जाडजूड, पुढून कमळाची नक्षी. भरीव आहे, आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे, असं त्या म्हणाल्या. जाताना उंबऱ्यात थांबल्या आणि एकच गोष्ट सांगितली. हे कुठल्या सराफाकडं नेऊ नका, जे काय करायचं ते तुमच्या हातानंच करा. मी अशी फुगले की काही विचारू नका. ज्यांना चार दिवसांची ओळख, त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास आणि वन्संना नाही. आमचे हे कामावरून आल्या आल्या त्यांना दारातच ते ऐकवलं.

सोन्याचा पत्रा आणून मी वाटी घडवायला घेतली. तांबं आणि चांदी करून झाली होती, तरी सोनं समोर आल्यावर पत्रा दोनदा उचलून परत खाली ठेवला. मग मी स्वतःला म्हटलं, राजश्री, अक्कलकोटच्या यात्रेत दाराला लोंबकळणारी माणसं तू आत घेतेस, हा तर नखाएवढा पत्रा आहे. वाटी झाली. गोल, पातळ, कुठं चेप नाही, कडी सरळ. ज्ञानदा मॅडमनं भिंग लावून बघितली आणि म्हणाली, ठीक आहे. तिच्या तोंडचं ठीक आहे म्हणजे काय, हे क्लासातल्या बायकांना विचारा.

मग काळे मणी ओवले, मध्ये एकीकडं वाटी आणि एकीकडं पुस्तं घातलं, आणि दागिना घालून बघायच्या लाकडी गळ्यावर चढवलं. पुस्तं खाली बसलं आणि वाटी वर चढली. माझ्या डोळ्यांपुढं वळसंगची म्हातारी उभी राहिली. मी गाठी सोडल्या, परत घातल्या. वाटीच्या बाजूला सोन्याचे मणी वाढवून बघितले, तर ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं. सगळी सुट्टी त्यात गेली. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं, आणि मला सारखी वन्संची पिशवी दिसत होती.

शेवटी माझं लक्ष पुस्त्याच्या कडीकडं गेलं. ती झिजून एका अंगाला कलली होती. मला वाटलं, सापडला चोर. कडी वाकडी म्हणून पुस्तं वाकडं. नवी कडी जोडली की संपलं. मॅडम पुढच्या शेडमध्ये नव्या बायकांना गाठ शिकवत होती. एक हाक मारायची होती, पण नाही मारली. एवढ्या कड्या जोडल्या, ही काय मोठी. टाकणखार लावला, कडी ठेवली, ज्योत धरली.

आधी वास आला, पार्सलवर लाख लावतात तसला. मला कळेना कुठून येतोय. मग पुस्त्याच्या कडेनं काळे बुडबुडे यायला लागले, आणि मी ज्योत बाजूला घेईपर्यंत फट् करून मागचा पत्रा उघडला. आतली लाख काळी होऊन खाली ठेवलेल्या विटेवर पसरली. पुढचं कमळ तेवढं जागच्या जागी होतं.

वाटी असती तर ही चूक झाली नसती. आमची वाटी उघडी, तिच्या पोटात काय आहे ते आंधळ्यालाही कळतं. मागून बंद असलेला दागिना मी जन्मात हातात धरला नव्हता. वजन लागलं म्हणून मी तो भरीव समजले, आणि जे वाक्य सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं तेच विसरले.

वासानं मॅडम पळत आली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं गॅस बंद केला, विटेकडं बघितलं आणि विचारलं, "काकू, हिच्या पोटात काय आहे ते विचारलं होतं?" मी मान हलवून नाही म्हटलं.

थंड झाल्यावर तिनं चिमट्यानं लाख सोडवून दाखवली. सोनं किती, तर चॉकलेटच्या चांदीसारखा पातळ पत्रा. बाकी सगळं पोट लाखेचं आणि विटेच्या भुकटीचं. भरीव म्हणून दिलेलं पुस्तं, आणि मी परत काय देणार, तर फाटका पत्रा. सगळ्या गल्लीला भरीव माहीत आहे. आता तीच गल्ली म्हणणार, कंडक्टरबाईनं सोनं खाल्लं. इतक्या वर्षांत माझ्या बॅगेत कधी तूट आली नाही, आणि आता सुनेच्या पुस्त्यात येणार होती.

मॅडमनं एक मार्ग सांगितला. नवी लाख भरून मागचा पत्रा जोडू, पॉलिश करू, कुणाला कळणार नाही. खोटं कशाला बोलू, मी त्याचा विचारही केला. सोपं होतं ते. पण मला वाटलं, सोनारानं त्या बाईला फसवलंय. तिनं विड्या वळून वळून सोनं म्हणून पैसे मोजले आणि त्यानं लाख गळ्यात मारली, आणि हे तिला कळायलाच हवं. राग आला की मला धीर येतो. फुटलेलं पुस्तं, लाख, विटेची भुकटी, सगळं जसंच्या तसं डबीत घातलं आणि तशीच रिक्षा करून पूर्व भागात गेले.

अक्कम्मा दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या दोघीजणी त्यांच्याबरोबर विड्या वळत होत्या. मी मागंपुढं न बघता डबी उघडून सुपातच ठेवली आणि म्हटलं, माझ्या हातून हे फुटलं, चूक माझी, पण आत बघा काय निघालं. कोण तो सोनार, त्याचं नाव सांगा, त्याला मी आजच्या आज दुकानाबाहेर काढते.

अक्कम्मांनी डबीत बघितलं आणि झाकण लावलं. शेजारणींना तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्या आपापली सुपं घेऊन उठल्या. मग त्यांनी दार ओढून घेतलं. त्यांच्या हातात पानच नव्हतं, तरी बोटं विडी वळत होती.

"सोनारानं फसवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच सांगून लाख भरून घेतली."

तेव्हा त्यांच्याजवळ होतं त्यात तेवढंच सोनं येत होतं. सोनार म्हणाला होता, पातळ होईल, पोकळ ठेवतो. पण पोकळ पुस्तं घेऊन घरी गेल्या असत्या तर सासूनं आणि जावांनी गल्लीत सांगितलं असतं. म्हणून म्हणाल्या, भर काहीतरी, मागून बंद कर. घरी सांगितलं, भरीव आहे. मग दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते पुस्तं पाटावर ठेवायचं आणि दरवर्षी तेच सांगायचं. सांगता सांगता कधी कधी त्यांनाही ते खरं वाटायचं. सराफानं हातात घेताच ओळखलं असतं, आणि ते नव्या व्याह्यांपुढं निघालं असतं.

"म्हणून तुमाला दिलं. तुमी नव्या हाय, तुमाला कळणार न्हाई वाटलं," असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

घ्या. मी ज्याला विश्वास समजून फुगले होते तो असा होता. एक क्षण मला असा राग आला की डबी उचलून निघावं. आणि मग त्यांच्याकडं बघितलं. पंचवीस वर्षं ही बाई एका नखाएवढ्या पत्र्याला घाबरत होती. मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशीही आनंदापेक्षा हीच भीती मोठी झाली असणार. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी पर्समधून माझी वाटी काढली आणि पालथी करून त्यांच्या तळहातावर ठेवली, पोट वर करून.

"अहो अक्कम्मा, आमची वाटी तर सगळ्यांसमोर पोकळ असते," मी म्हटलं. "आजवर कुणी हसलंय का तिला?"

मग त्यांनी वाटीत बोटाचं टोक घालून बघितलं, आत खरंच काही नाही ना, याची खात्री करतात तसं. मी चहा मागितला, कारण दोघींनाही त्याची गरज होती. त्यांनी तो लई गोड केला होता.

रविवारी अक्कम्मा माझ्याबरोबर वर्कशॉपला आल्या. मॅडमनं त्यांना माझ्याशेजारीच स्टूल दिलं. उरलेली लाख काढली, पत्रा तुरटीच्या पाण्यात उकळून स्वच्छ केला. मागचा फाटका पत्रा सोडवला, कडा घासून मऊ केल्या, आणि जिथं कमळ दबलं होतं तिथं आतून हलक्या हातानं टोचा मारत ते परत वर काढलं. हे सगळं मी केलं, मॅडम फक्त सांगत होती. या वेळी प्रत्येक गोष्टीला मी आधी विचारलं. मॅडम दोनदा हसली, पण बोलली नाही.

कमळ पहिल्यापेक्षा उठून दिसायला लागलं. तेव्हा मॅडमनं अक्कम्मांना विचारलं, नवी लाख भरायची का. लाख तिथंच शेल्फवर होती. अक्कम्मांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या, पण मी ओठ दाबून धरले. असं करायला मला किती कष्ट पडतात हे आमच्या यांना विचारा.

"नको," अक्कम्मा म्हणाल्या. "राहू दे तसंच."

मागचा पत्रा वितळवून आम्ही दोन सारख्या कड्या केल्या, एक वाटीला, एक पुस्त्याला. त्यांचं तिळभर सोनं इकडंतिकडं झालं नाही. मग मी मणी ओवले, गाठी बसवल्या आणि मंगळसूत्र लाकडी गळ्यावर चढवलं. वाटी आणि पुस्तं दोन्ही बरोब्बर मध्यात, एकमेकांना लागून बसली. इतके दिवस जे वाकडं होत होतं ते त्या लाखेच्या वजनानं. मी उगीच दोऱ्याला आणि कडीला शिव्या घालत होते.

लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राचं ताट बायकांतून फिरलं, एकेकीनं हात लावून आशीर्वाद द्यायचा म्हणून. ताट वन्संपाशी आलं. त्यांची पिशवी मांडीवर होती, तिला आत काहीतरी असल्यासारखी गाठ मारलेली होती. त्यांनी मंगळसूत्र तळहातावर घेतलं, वर-खाली केलं, मग उलटं केलं. आणि भर मांडवात, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अगं राजश्री, हे पुस्तं बी पोकळच हाय की."

पलीकडच्या रांगेतल्या बायकांच्या माना वळल्या. अक्कम्मांची सगळी गल्ली होती तिथं, सासरच्या जावाही होत्या. माझं डोकं असं तापलं की वन्संचा मान वगैरे सगळं बाजूला ठेवून मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी अक्कम्मा उठल्या. निळी इरकल नेसल्या होत्या, केसांत अबोलीचा गजरा होता. त्या सरळ वन्संपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"व्हय, पोकळ हाय," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात एवढं मोठं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "माझ्या कमाईत तेवढंच सोनं बसलं. पण हाय ते समदं सोनं हाय."

जावांपैकी एक काहीतरी म्हणायला पुढं झुकली आणि परत मागं टेकली. वन्संनी मंगळसूत्र आणखी एकदा तळहातावर तोललं. मग ते ताटात सरळ करून ठेवलं, वाटी आणि पुस्तं नीट शेजारी लावलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मांडीवरची पिशवी उचलून खुर्चीखाली सरकवली. आमच्या वन्सं माफी मागत नाहीत, पण मला एवढं पुरलं.

अक्षता पडल्या, आणि निवेदितानं मान पुढं केली. मी पाठीमागं उभी होते, ती बसलेली होती, त्यामुळे मला नेहमीसारखा वरून गळाच दिसत होता. ही कुठल्या भाषेची बाई, ते या गळ्यावरून मला सांगता आलं नसतं. आमचा ड्रायव्हर आला होता लग्नाला, त्याला म्हटलं, ही पैज मी हरले, चहा माझ्याकडून. मग माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

जेवणाच्या पंगती चालू असताना अक्कम्मांच्या गल्लीतली एक बाई माझ्याजवळ आली. त्या दिवशी दारात विड्या वळत बसलेल्या दोघींपैकी एक. मला हाताला धरून तिनं खांबामागं नेलं, आजूबाजूला बघितलं, आणि पदराखालून गळ्यातली पुस्ती बाहेर काढली. दोन्ही जाडजूड होती, दोन्ही मागून बंद.

"ताई," ती म्हणाली, "ह्यांच्या पोटातली लाख काढून देता का?"

मी म्हटलं, रविवारी या. येताना गळ्यात बांधायला हळकुंड तेवढं घेऊन या.